वर नेलेलं पाणी

नाशिकच्या डोंगरांत माझ्याइतका चपळ गडी झाला नाय, हे मी आजबी कुणाच्या तोंडावर सांगतो. हिमालयाच्या यादीत नाव लागून, बर्फाचा एक खडाबी न बघता, इथल्या इथंच गुडघा घालवून बसलेला गडीबी मीच.

आमचा पाडा पेठ रस्त्याच्या आत, चालत तासभर. मागं डोंगर, पुढं भाताची खाचरं, अन् मधे आमचं कुडाचं घर. एका रविवारी मी वरून लाकडाची मोळी घेऊन उतरत होतो. खाली बघतो तर शहरातली आठदहा माणसं कातळाला चिकटलेली. कमरेला दोऱ्या, डोक्यावर टोप्या, एकजण वरून ओरडतोय अन् बाकीचे घामेघूम. मी बाजूच्या घळीतून मोळीसकट, रबरी चपलीवर खाली आलो अन् इचारलं, "काय हरवलं का तुमचं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यातले एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले, "तू इथून उतरलास? हे डोक्यावर घेऊन?" मी म्हटलं, "मग काय मोळीला वेगळं पाठवू?" ते बापू सर. नाशकात एका कॉलेजात पोरांना खेळ शिकवायचे. त्यांनी मला मोळी उतरवायला लावली, परत वर चढायला लावलं, परत खाली. मला वाटलं ह्यांचं खरंच काय तरी हरवलंय अन् ते मला हुडकायला लावतायत. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला अन् म्हणाले, "गणपत, तुझी फुप्फुसं सोन्याची आहेत." माझ्या अंगातल्या कुठल्या वस्तूची कुणी तारीफ करायची ती पहिलीच वेळ. मी आठ दिवस छाती पुढं काढून हिंडलो. आईनं इचारलं, "पाठ धरली का रे?"

तर सरांचा गट पुढच्या साली हिमालयात जाणार होता. सहा हजार मीटरच्या वर. मला मीटर म्हंजे कापडाचं माहीत. म्हटलं एवढं कापड कुणाला लागतंय. सर म्हणाले, तू चल, खर्च गट करंल, पण सहा महिने तयारी करावी लागंल. मी हसलो. डोंगर चढायला तयारी कसली? चपल घातली का झाली तयारी. हे एक हसणं पुढं लय महागात गेलं.

गटात एक डॉक्टर मॅडम होत्या. पंचवटीत त्यांचा दवाखाना. बारीक बाई, बोलणं हळू, पण डोळे असे का खोटं बोलायच्या आधीच माणसाला घाम यावा. त्यांनी तयारी सांगायला सुरुवात केली अन् माझं डोकं फिरायला लागलं. म्हणाल्या, तिकडं हवा पातळ असते. मी म्हटलं, ताकासारखी? म्हणाल्या, हो, तसंच समज. म्हणून तिकडं पळायचं नाय, हळू चालायचं, बोलता बोलता चालता आलं पाहिजे. मी जन्मभर पळत आलो होतो, त्या पळण्यावरच तर ह्यांनी मला निवडला होता, अन् आता म्हणतात पळू नको. मग म्हणाल्या, दिवसा वर चढायचं, सामान ठेवायचं, अन् झोपायला परत खाली यायचं. दुसऱ्या दिवशी तेच परत चढायचं. मी इचारलं, "मॅडम, मग पहिल्या दिवशी गेलो कशाला?" म्हणाल्या, शरीराला ओळख व्हायला. बरं. भूक नसली तरी खायचं. तहान नसली तरी चार लिटर पाणी प्यायचं. अन् सगळ्यात मोठं, डोकं दुखलं, मळमळलं, गुडघा दुखला, कायबी झालं तर लगेच सांगायचं. "जो लपवतो तो मरतो," मॅडम म्हणाल्या, "आणि त्याला खाली आणणारे दोघे त्याच्याबरोबर जातात." मी मान हलवली. मान हलवायला मी पहिल्यापासून पटाईत.

घरी येऊन मी आईला चार लिटरचं सांगितलं. आई चुलीपुढं नागलीच्या भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाय. म्हणाली, "घोडा हायेस का तू?" तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडं पावसाळ्यात पाणी एवढं का चुलीतबी शिरायचं, अन् फाल्गुन सरला का विहीर कोरडी. मग ओढ्यातला झिरा. झिरा म्हंजे वाळूत हातभर खड्डा, त्यात पाणी साचायचं थेंबाथेंबानं. आई अन् माझी बहीण कमळ उजाडायच्या आधी जायच्या, खड्ड्यात वाटी घालायच्या, वाटीवाटीनं हंडा भरायच्या. मागं बायांची रांग. झोपेत मला लांबून वाटी दगडाला घासल्याचा आवाज यायचा, खर्र, खर्र, मग जरा थांबून, पाणी साचलं का परत खर्र. दोन हंडे डोक्यावर घेऊन आई यायची तेव्हा मी अंथरुणात असायचो. हे मी मोठेपणानं सांगत नाय. आता लेकीकडं म्हसरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो, नळ सुरू करून नात दात घासते तेव्हा मी उठून नळ बंद करतो. ती म्हणते, आबा, तोंडात फेस हाय. फेस असू दे.

दुसरी भानगड नाडीची. मॅडमनी सगळ्यांना एकेक वही दिली. सकाळी डोळे उघडले का अंथरुणातून न उठता एक मिनिट नाडी मोजायची अन् आकडा लिहायचा. मला शाळेनं कधी धरून ठेवलं नाय, मीबी शाळेला धरलं नाय. म्हणून ते काम कमळकडं. ती आठवीला होती. मॅडमचं जुनं घड्याळ हातात घेऊन, हंडा उतरवून ती माझ्याजवळ बसायची, मनगट असं दाबायची का नाडी असली तरी थांबावी, अन् ओठ हलवत मोजायची. पहिल्या आठवड्यात छप्पन्न, सत्तावन्न. मी नाराज. आमची माणसं दर साली द्राक्षाच्या प्लॉटवर कामाला जायची, दिंडोरीकडं. तिथं मालक मण्यातला रस यंत्रावर टाकून गोडी बघायचा. आकडा वाढला का खूश, सतरा-अठरा झाली का माल काढायला घ्यायचा. आकडा अडकला तर सगळ्यांना शिव्या. त्यामुळं माझ्या डोक्यात एवढंच, का मी अजून पिकलो नाय. वाढंल, वाढंल, म्हणून मी वाट बघत बसलो. अन् खरंच वाढायला लागला. साठ. पासष्ट. बाहत्तर. मी पाड्यावर सांगत सुटलो, का चार महिन्यांत मी काढणीला येतोय.

तो आकडा का वाढत होता, हे आता सांगतो.

सरावाचा भाग असा होता. दर रविवारी अन् मधे एक दिवस सर आम्हाला रामशेज किल्ल्यावर न्यायचे. तो आमच्याच रस्त्यावर. प्रत्येकाच्या पाठीवर सॅक, सॅकमधे पाण्याचे दोन कॅन, धा-धा लिटरचे. पायथ्याच्या विहिरीवर भरायचे, वर चढायचं, अन् माथ्यावर गेलं का कॅन उघडून सगळं पाणी ओतून द्यायचं. मग रिकाम्या सॅकनं खाली. मी पहिल्या दिवशी बघत राहिलो. शिकलीसवरलेली माणसं. एक इंजिनिअर होता, एक वकील. हसत हसत ओततायत, कातळावरून पाणी चाललंय, एकानं तर त्यात पाय धुतले. मी सरांना म्हटलं, "सर, हे ओतायचंच होतं तर आणलं कशाला?" सर म्हणाले, "चढताना वजनानं ताकद येते. उतरताना तेच वजन गुडघा खातं. म्हणून वर न्यायचं आणि ओतायचं. दगड आणले असते तरी चाललं असतं, पण दगड फेकले तर खाली कुणाच्या डोक्यात पडतील." सगळं बरोबर होतं. मला कळलंबी. कानाला कळलं, पण हाताला नाय कळलं. मी कॅनचं बूच फिरवलं, अन् हात काय वाकडा होईना. वीस लिटर म्हंजे आईचा दीड हंडा. दीड हंड्याला झिऱ्यावर किती वाट्या, हे त्या वकिलाला काय माहीत.

मी एका मोठ्या दगडाच्या आड गेलो. बूच परत लावलं. सॅक पाठीवर टाकली अन् सगळ्यांच्या मागं, रिकाम्या माणसासारखं चेहरा करून खाली उतरलो. रिकाम्या माणसाचा चेहरा करणं अवघड नव्हतं, तो मला उपजत हाय. खाली आल्यावर सगळे जीपनं नाशकाकडं, अन् मी पेठच्या एसटीत. कंडक्टर म्हणाला, "काय नेतो रे?" म्हटलं, "पाणी." म्हणाला, "दुधाच्या कॅनला तिकीट घेतो, पाण्याला काय घेऊ? बस गप." घरी जाऊन मी दोन्ही कॅन आईपुढं ठेवले. तिनं कोपऱ्यातला डेरा सरकवला अन् कॅनना जागा केली. मला वाटलं, हिमालय गेला उडत, आपण आजच वर पोचलो.

असं मी सगळा उन्हाळा केलं. आठवड्यातून दोनदा वीस किलो वर अन् वीस किलो खाली. उजवा गुडघा पहिल्या महिन्यात कुरकुरला. दुसऱ्या महिन्यात सकाळी वाकेना. आई रात्री रुईचं पान गरम करून बांधायची, सकाळी मी ते काढून टाकायचो, मॅडमना दिसू नये म्हणून. नाडी ब्याऐंशीवर गेली.

मॅडमनी वही बघितली अन् त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गणपत, सगळ्यांची नाडी कमी होतेय. तुझी वाढतेय. झोपतोस का?" म्हटलं, "मेल्यासारखा." "ताप?" "नाय." "कुठं दुखतं?" "कुठंच नाय." मी खुशीत होतो. माझी वाढतेय, बाकीच्यांची उतरतेय, म्हंजे ह्यांची गोडी पडली अन् माझी चढली, हे मी त्यांना द्राक्षाच्या भाषेत समजावून सांगितलं. मॅडमनी वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "सकाळची नाडी वाढत गेली म्हणजे शरीर थकलंय, असा त्याचा अर्थ. तू करतोस काय नेमकं?" गोडी वाढली म्हंजे माल बिघडला, असं कुणी सांगितलं तर मालकाचं जसं तोंड होईल तसं माझं झालं. मी म्हटलं, "कमळनं मोजताना चूक केली आसंल." बहिणीवर ढकललं. लाज वाटते हे सांगताना, पण ढकललं.

मग आला हरिहर गडाचा दिवस. हरिहरच्या पायऱ्या ज्यांनी बघितल्या त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, का ती भिंतच हाय, तिच्यात पायऱ्या खोदल्यात, बाजूला बोटं अडकवायला खोबणी. उतरताना भिंतीकडं तोंड करून उतरायचं, शिडी उतरल्यासारखं. वर पोचल्यावर सगळ्यांनी पाणी ओतलं. मी दगड शोधला. उतरताना सर माझ्या खाली होते, चार पायऱ्या, अन् मॅडम माझ्या वर. मधल्या टप्प्यावर माझा उजवा पाय खाली गेला, पायरीला लागला, अन् गुडघा कुठं गेला ते मला आजपर्यंत कळलं नाय. नुसता नव्हता. डाव्या हाताची बोटं खोबणीत होती म्हणून मी राहिलो, पण पाठीवरच्या वीस किलोनं मला मागं ओढलं अन् माझा बूट सरांच्या खांद्यावर पडला. सर ओरडले नायत. त्यांनी दोन्ही हात खोबणीत घातले, डोकं भिंतीला टेकवलं अन् माझा सगळा भार खांद्यावर घेऊन तसेच थांबले. त्यांच्या खाली अजून दोघं होते, अन् त्यांच्या खाली नुसती हवा. वरून मॅडमचा आवाज आला, अगदी हळू, दवाखान्यातल्यासारखा, "गणपत, डावा पाय ठेव. आता श्वास घे. आता सॅकचा पट्टा सोड." मी म्हटलं, "नको मॅडम." म्हणाल्या, "का?" त्यांनी वरून हात घालून सॅकची मूठ धरली, अन् वजन हाताला लागताच त्यांना कळलं.

खाली आलो तेव्हा सरांचा खांदा सुजला होता. मॅडमनी सॅक उघडली. दोन कॅन, काठोकाठ. इंजिनिअर हसला, मग बाकीच्यांकडं बघून थांबला. मी सगळं सांगितलं, झिरा, वाटी, हंडा. मला वाटलं ह्यांना रडू यील. मला स्वतःलाच आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पाण्याचं मला सांगितलं असतंस तर जीपमध्ये टाकून दर खेपेला चाळीस लिटर दिलं असतं. पाणी हा प्रश्नच नाही. चार महिने तुझा गुडघा दुखतोय आणि तू मला कुठंच नाही म्हणालास. वर आम्ही सगळे एका दोराला बांधलेले असतो." एवढंच. कॅन त्यांनी जीपमधे ठेवले अन् मला घरापर्यंत सोडलं. जीपमधे पाणी असं सहज जाऊ शकतं, हे चार महिन्यांत माझ्या डोक्यात एकदाबी आलं नव्हतं.

घरी मी आईला सगळं सांगितलं, मॅडमचं एका दोराला बांधायचं बोलणंबी, अन् म्हटलं, "तुझ्या पाण्यापायी माझा हिमालय गेला." आई खुरासणीची चटणी कुटत होती. म्हणाली, "कुठलं पाणी?" म्हटलं, "एवढे दिवस आणत होतो ते. प्यायला." आई म्हणाली, "ते होय. ते कुठं प्यायचो आम्ही. प्लास्टिकचा वास मारायचा त्याला. म्या त्यात भांडी इसळायची." कमळनं तोंडावर हात धरला. मी म्हटलं, "मग सांगायचं नाय का?" आई म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं आणायचास. कसं सांगू?" म्हंजे बघा, आमच्या घरात कुणीच कुणाला काय सांगत नव्हतं, अन् सगळे एकमेकांवर खूश होते.

पण अजून नाव कटलं नव्हतं. बापू सरांचं मन मोठं. त्यांनी निरोप धाडला, का दवाखान्यात ये, मॅडम एकदा शेवटचं तपासतील. आई म्हणाली, मीबी येते. मला बरं वाटलं. आई नाशकाला वर्षातून एकदा यायची, तीबी जत्रेला. तिनं नागलीचे पापड फडक्यात बांधले, नवं लुगडं नेसली, एसटीत माझ्या शेजारी खिडकीला बसली. म्हणाली, "तिथं तू जास्त बोलू नको. म्या बोलते." मी खूश. म्हटलं, आई माझ्यासाठी पदर पसरणार.

दवाखान्यात सर होते, खांद्याला पट्टा. आई बाकड्यावर न बसता खाली टेकली. सर म्हणाले, "मॅडम, अजून दोन महिने आहेत. गुडघा बरा होईल. याच्यासारखं पोरगं परत मिळणार नाही." मॅडम म्हणाल्या, "गुडघा होईल हो बरा. मला याच्या तोंडून फक्त एकदा ऐकायचंय. गणपत, टेबलावर बस." त्यांनी गुडघ्याच्या वाटीवर अंगठा दाबला. माझ्या डोळ्यांपुढं काजवे. "दुखतं?" मी म्हटलं, "नाय." त्यांनी बाजूला दाबलं. "इथं?" "नाय." मला उकिडवं बसायला लावलं. बसलो. उठता येईना. मी म्हटलं, फरशी लय गुळगुळीत हाय मॅडम. सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. मॅडम माझ्यापुढं खाली बसल्या, चक्क जमिनीवर, अन् म्हणाल्या, "गणपत, हो म्हण. हो म्हणालास तर मी तुला नेते. दुखतं का?"

आता ह्याच्यापेक्षा सोपं काय असंल. हो म्हणायचं होतं. नेते म्हणत होत्या बाई. पण द्राक्षाच्या कामावर सकाळी मुकादम रांगेपुढून जायचा, एकेकाला इचारायचा, काय दुखतंय का रे? दुखतं म्हणाला तो घरी. नाय म्हणाला तो कामावर. धा वर्षांचा होतो तेव्हापासून मी त्या रांगेत उभा. माझ्या तोंडाला एकच उत्तर ठाऊक. मॅडम म्हणतात हो म्हण म्हंजे नेते, अन् माझ्या डोक्यात चाललंय, ही बाई मला फसवून हो म्हणायला लावते अन् मग म्हणंल, जा घरी. कुठलं खरं? मी सरांकडं बघितलं. आईकडं बघितलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. नात आता हे मोबाइलात लिहून घेताना म्हणते, आबा, काय अवघड होतं त्यात? मी तिला काय सांगू. मलाबी अजून कळलेलं नाय.

मी म्हटलं, "नाय मॅडम. कुठंच नाय."

मग आई उठली. मला वाटलं आता ती हात जोडणार. तिनं पापडाचं फडकं मॅडमच्या टेबलावर ठेवलं अन् म्हणाली, "बाई, रातभर कण्हतंय हे. स्टँडवरनं इथपतूर म्या धरून आणलंय. ह्याला नेऊ नका. तुम्ही माणसं बांधायचं म्हणता, ह्याच्या दोरीला म्या माझी शेळीबी बांधायची नाय."